पंच चुकला असं वाटलं, तर वस्तादानं काय करायचं असतं?

मारुंजी (ता. मुळशी) : रविवारी २ फेब्रुवारीला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर मुठ्याचा पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. गदा मुळशीत आली. दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलच्या स्टेटसला ती गदा दिसायला हवी होती. पण सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो, तर ज्याच्या त्याच्या हातात एकच क्लिप. पंचाला बसलेली लाथ.

काय झालं ते आधी सरळ सांगतो. मॅट विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराजसमोर शिवराज राक्षे होता, दोन वेळचा महाराष्ट्र केसरी. पंचांनी शिवराजला चितपट ठरवलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा, असं शिवराजचं म्हणणं होतं. दाद लागेना, तेव्हा त्यानं पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढं गदेच्या कुस्तीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड थोडी सेकंदं उरलेली असताना गुणावरून पंचांशी भांडला आणि मैदान सोडून गेला. पृथ्वीराजचा हात वर झाला. राज्य कुस्तीगीर संघानं राक्षे आणि गायकवाड या दोघांना ३ वर्षांसाठी निलंबित केलं.

तेव्हापासून पारावर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते पोरांनी लाज आणली. दुसरी म्हणते पंचच विकला गेलेला. मला या दोन्हीत पडायचं नाही. ज्याचं नाव या भांडणात कुणी घेत नाही, त्या तिसऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे. तो म्हणजे कोपऱ्यात बसलेला वस्ताद, हल्लीच्या भाषेत कोच.

कारण आजच्या कुस्तीत पंचाच्या निर्णयावर बोलायचा अधिकार पैलवानाला नाही. तो कोचला आहे, आणि तोही तोंडानं बोलायचा नाही. तो वापरायची एक रीत आहे. ती रीत आपल्या किती वस्तादांना ठाऊक आहे? मुळशी, मावळ, खेड, हवेली, जिथं जिथं मैदानं बघितली तिथं मला जे दिसलं त्यावरून सांगतो, फार थोड्यांना.

यात वस्तादांचा अपमान करायचा हेतू नाही. त्यांची सगळी हयात लाल मातीत गेली. मातीतल्या जुन्या कुस्तीचा हिशेब सोपा होता. पाठीला माती लागली की संपलं. नाही लागली तर कुस्ती चालू, मग अर्धा तास का होईना. शेवटी निकाल नाहीच लागला तर पंच बरोबरीत सोडवणार. गुणबिण काही नाही. हलगी वाजतीय, हजार माणूस बघतंय, पाठ लागली का नाही ते सगळ्यांना दिसतंय. पंच कशाला चुकतोय, आणि चुकला तर मैदानच त्याला सांगत होतं.

आता आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम आलेत. ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. खाली आणून ताबा घेतला की २ गुण. रिंगणाबाहेर पाय गेला की समोरच्याला १. फ्रीस्टाईलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली, पाठ लागो न लागो. आणि सगळ्यात घोळ जिथं होतो ते म्हणजे धोक्याची स्थिती. पैलवानाची पाठ मॅटकडं वळली आणि पाठीचा मॅटशी कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला, की तो धोक्यात आहे असं धरतात. खांदा टेकलाच पाहिजे असं नाही. उभ्यानं डाव मारून समोरच्याला थेट या धोक्याच्या स्थितीत आणलं तर ४ गुण. नुसतं खाली आणलं, पाठ वळली नाही, तर २.

म्हणजे बघा, वस्ताद बघतोय खांद्याकडं आणि पंच बघतोय पाठीच्या कोनाकडं. दोघंही खरं बोलतायत आणि दोघांचं भांडण होतंय.

जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला हेच झालं होतं. माती विभागाची अंतिम कुस्ती, सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरली टांग मारली, पंचांनी ४ गुण दिले. सिकंदर धोक्यात गेलाच नव्हता, ४ कसले, असं म्हणत निम्मा महाराष्ट्र उठला. आठवडाभर गावोगावचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ती क्लिप थांबवून थांबवून बघत होते. त्यावर बोलणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ९० अंशाचा नियम ठाऊक नव्हता, हे मी छातीठोक सांगतो, कारण आमच्याच ग्रुपवर सिकंदरचा खांदा टेकला का नाही यावरच मारामारी चाललेली. मूळ प्रश्न खांद्याचा नव्हताच. त्या कुस्तीतल्या पंचाला फोनवरून धमकी आली आणि प्रकरण कोथरूड पोलिसांत गेलं. गुण देणाऱ्या माणसाला जिवाची भीती! तेव्हा ज्याच्या बाजूनं निर्णय गेला म्हणून ओरड झाली तो महेंद्र, आणि दोन वर्षांनी निर्णय विरोधात गेला म्हणून मैदान सोडून गेला तोही महेंद्रच. यात त्या पोराला टोमणा नाही. निर्णय आज आपल्या बाजूनं, उद्या विरोधात, हे प्रत्येक पैलवानाच्या नशिबी असतंच.

आता ती रीत सांगतो. क्रिकेटचा डीआरएस आपल्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो. चेंडू कुठं पडला, अंपायर्स कॉल म्हणजे काय, रिव्ह्यू किती उरले, सगळं तोंडपाठ. कुस्तीतही तसंच आहे, त्याला चॅलेंज म्हणतात. जिथं व्हिडिओची सोय असते तिथं कोचजवळ एक मऊ ठोकळा किंवा स्पंज दिलेला असतो. गुण चुकीचा दिला किंवा द्यायचा राहिला असं वाटलं, तर फलकावर गुण लागल्यापासून ५ सेकंदांत तो मॅटवर टाकायचा. ५ सेकंद. शिव्या द्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी. मग खेळ थांबवून पंच व्हिडिओ बघतात. कोचचं बरोबर निघालं तर गुण बदलतात आणि चॅलेंज शिल्लक राहतं. चूक निघालं तर समोरच्याला १ गुण जातो आणि त्या कुस्तीपुरतं चॅलेंज संपलं. आणखी एक गोष्ट, पैलवानाला ते चॅलेंज नको असेल तर तो नाही म्हणू शकतो.

म्हणून चॅलेंज टाकायला नुसता राग कामाचा नाही, नियम पाठ लागतो. ४ चे २ होतील का, हे ५ सेकंदांत ठरवायचं. कोन माहीत नसलेला वस्ताद ठोकळा टाकतो तेव्हा पैलवानाच्या खिशातला गुण टाकत असतो. आणि ज्याला ठोकळा टाकायचा असतो हेच माहीत नाही, तो मॅटच्या कडेला येऊन हात हलवत राहतो. तोवर ५ सेकंद गेले.

चितपटीचं आणखी वेगळं आहे. मॅटवर पंच एकटा नसतो, तिघं असतात. मधला पंच, ज्याच्या डाव्या मनगटावर लाल आणि उजव्यावर निळी पट्टी असते. बाजूला बसलेला दुसरा पंच. आणि टेबलावरचा मॅट चेअरमन. चितपट मधला पंच एकट्याच्या मनानं देऊ शकत नाही, उरलेल्या दोघांतल्या एकाची तरी संमती लागते. दोन्ही खांदे मॅटवर धरून ठेवले आणि पूर्ण ताबा आहे, एवढं पंचाला दिसण्याइतका वेळ गेला की झालं. किती सेकंद ते पुस्तकात लिहिलेलं नाही. इथंच भांडणाला जागा आहे हे मी मान्य करतो. एकदा विजेत्याचा हात वर झाला की मग निकाल बदलत नाही. ओरडा, रडा, मंत्र्याला फोन लावा, बदलत नाही.

बरोबरीचंही असंच. १-१ गुण झाले आणि वेळ संपली, तर आपला माणूस म्हणतो कुस्ती बरोबरीत. नियम म्हणतो, कुणाचा डाव मोठा ते बघा, मग कुणाला ताकिदी कमी ते बघा, तरी सारखं असेल तर शेवटचा गुण ज्याचा तो जिंकला. हे माहीत असलेला कोच शेवटच्या मिनिटाला पोराला ओरडून सांगतो, तू मागं आहेस, आत घुस. माहीत नसलेला म्हणतो, सांभाळून खेळ, बरोबरी आहे. पोरगं सांभाळतं आणि हरतं. मग दोष कुणाला? पंचाला. थंड खेळणाऱ्या पैलवानाला ताकीद मिळते, मग ३० सेकंदांचं घड्याळ लागतं, त्यात गुण नाही काढला तर समोरच्याला फुकटात १ गुण. हा गुण फलकावर लागला की कोपऱ्यातून हमखास आवाज येतो, डाव तर मारलाच नाही, गुण कसला देतोस.

हे फक्त आपल्याकडंच चालतं असं समजू नका. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ६५ किलोच्या कांस्यपदकाच्या कुस्तीत मंगोलियाचा पैलवान एका गुणानं पुढं होता. शेवटच्या काही सेकंदांत तो लढायचं सोडून नाचायला लागला. पंचांनी कुस्ती टाळली म्हणून उझबेकिस्तानच्या पैलवानाला गुण दिला आणि पदक हातचं गेलं. मंगोलियाचे दोन कोच मॅटवर आले आणि निषेध म्हणून कपडे काढायला लागले. साऱ्या जगानं टीव्हीवर बघितलं. वेळ संपेपर्यंत लढत राहायचं, हा नियम पोराला सांगायचं काम त्यांचं होतं. पुढं आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्या दोन कोचवर ३ वर्षांची बंदी घातली. तिथं बंदी कोचवर आली. आपल्याकडं निलंबनाच्या बातमीत नावं आली ती दोन पैलवानांची. ऐन उमेदीतली ३ वर्षं, म्हणजे पैलवानाच्या आयुष्यातली सगळी मलई. शेतकऱ्याला विचारा, सलग तीन हंगाम वावर पडीक ठेवायला लावलं तर काय होतं.

पंचांची बाजू घेतोय असं वाटेल, तर तसंही नाही. पंच चुकतात. मुद्दाम चुकतात का, ते मी बघितलेलं नाही, पण चुकतात. आणि चुकल्यावर सांगत नाहीत. निर्णय दिला की तोंड फिरवायचं, ही मोठी खोड आहे. अहिल्यानगरला एवढा मोठा पडदा लावलेला, तर चितपटीचं चित्रण दोनदा सावकाश दाखवलं असतं आणि निवेदकानं माईकवरून दोन वाक्यांत सांगितलं असतं की खांदे कधी टेकले, तर अर्धा राग तिथंच उतरला असता. नियम तसं करायला लावत नसेल, पण अडवतही नाही.

दुसरं असं की पंचावर विश्वास बसावा अशी परिस्थिती संघटनांनीच ठेवलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. एक स्पर्धा संघाची, एक परिषदेची. खरा केसरी कोण यावरच एकमत नाही, तिथं खरा पंच कोण हे वस्तादानं कसं ठरवायचं? आपल्या पार्टीचा पंच, त्यांच्या पार्टीचा पंच, ही भाषा त्यातून आली. आपल्या मुळशीला हे जास्त लागतं. ज्या मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली ते मुठ्याचेच, आणि महाराष्ट्र केसरीची गदा त्यांच्याच नावानं दिली जाते. त्याच गावचा पोरगा ती गदा घेऊन आला आणि चर्चा मात्र लाथेची.

दोन नियमांचा घोळ काय करतो ते कबड्डीत तर आख्ख्या देशानं बघितलं. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, भारत आणि इराण २८-२८. आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार त्या संघात होता. पवन सेहरावत करो या मरो चढाईला गेला, कुणाला हात न लावता लॉबीत गेला, त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. जुना नियम म्हणतो, लॉबीत गेले ते सगळे बाद. प्रो कबड्डीतला नवा नियम म्हणतो, फक्त चढाई करणारा बाद. इथं कुठला लावायचा? पंचांनी निर्णय दिला, फिरवला, परत फिरवला. एकदा भारताचे खेळाडू मॅटवर बसले, एकदा इराणचे. जवळजवळ तासभर खेळ बंद. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला, आपण फटाके वाजवले आणि विसरलो. पण त्या दिवशी दोन्हीकडचे कोच आपापल्या परीनं बरोबर होते. सामना सुरू व्हायच्या आधी कुठला नियम चालणार हे दोघांना बसवून सांगितलं असतं, तर तो तास गेला नसता.

आमच्या पट्ट्यात हिंजवडी-माण बाजूला टॉवर झाले, वावरं गेली, पण कबड्डीची मंडळं टिकून आहेत. त्यांच्या सामन्यांत रोजचं भांडण बोनसचं. समोर ६ किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. समोर ५ उरलेत, पोरगं बोनस मारून येतं, कोच बोट वर करून नाचतो, पंच देत नाही, आणि मग खुर्च्या उडतात. मी एका पंचाला असं करताना बघितलं. चढाईला शिटी द्यायच्या आधी तो दोन्ही कोचकडं बघून मोठ्यानं म्हणायचा, समोर पाच, बोनस बंद. बस, एवढंच. त्या रात्री एकही भांडण झालं नाही. नियमात असं बोलायचं बंधन कुठंच नाही. त्यानं ते स्वतःच्या अकलेनं सुरू केलं होतं.

कुस्तीतही पंचाच्या हातात गोष्टी आहेत. कोच मर्यादा सोडायला लागला तर आधी पिवळं कार्ड, मग लाल, म्हणजे कोपरा सोडून बाहेर. हे कार्ड आपल्या तालुक्याच्या मैदानावर निघालेलं मी आजवर पाहिलं नाही. निघणार कसं? पंच बहुतेक वेळा जवळच्याच गावचा जुना पैलवान असतो. ज्याला कार्ड दाखवायचं तो त्याच्या वस्तादाचा गुरुबंधू, नाहीतर सोयरा. मानधन म्हणजे फेटा, नारळ आणि असलंच तर पेट्रोलपुरते पैसे. एवढ्यासाठी कोण कुणाशी वाईटपणा घेणार? चांगले जाणकार पैलवान पंचगिरीला नको म्हणतात ते यामुळं. मग जो नाही म्हणू शकत नाही तो उभा राहतो, त्याला कोन कळत नाही, वस्तादाला ठोकळा कळत नाही, आणि मध्ये पोरगं.

चैत्र लागला की मुळशी-मावळात जत्रा सुरू होतील. एकेका रात्रीत इनामाच्या पन्नास-पन्नास कुस्त्या लागतील. हल्ली जत्रेतही अर्ध्या कुस्त्या निकाली आणि अर्ध्या गुणांवर असा मिसळीचा कारभार असतो. वेळ संपत आली की कमिटी सांगते, आता गुणांवर घ्या. म्हणजे जोड लावली एका नियमानं आणि सोडवली दुसऱ्या. ज्याचा पैलवान पाठ लावायच्या बेतात होता त्याचा वस्ताद उसळणारच, आणि तिथं तो वस्ताद चुकतोय असं मी म्हणणार नाही. जत्रेत व्हिडिओ नसतो, त्यामुळं चॅलेंजही नसतं. म्हणून जोड लावतानाच माईकवरून सांगावं लागेल, ही कुस्ती निकाली, १५ मिनिटं, नाही झाली तर बरोबरी. किंवा ही गुणांवर, आणि गुण असे असे. दोन्ही वस्तादांना हौद्यात बोलावून हे ऐकवलं तर लागतात दोन मिनिटं.

सध्या गावोगाव जत्रेच्या वर्गणीच्या बैठका चालू आहेत. ऑर्केस्ट्रा किती लाखांचा, मंडप कुणाचा, पहिल्या नंबरच्या कुस्तीला इनाम किती, यावर रात्रीचे बारा वाजतायत. आतापर्यंत तीन गावांच्या बैठकांना बातमीसाठी बसलो. तिन्ही ठिकाणी शेवटी मीच विचारलं, पंच कोण आहे आणि त्याला काय देणार? एका गावात हसले. दुसऱ्यात म्हणाले, बघू, कुणीतरी उभा राहीलच. तिसऱ्या गावात एका म्हाताऱ्या वस्तादानं मला बाजूला घेऊन विचारलं, ते नव्वद अंशाचं काय म्हणत होतास ते परत सांग. नातवाला मॅटवर सोडलंय म्हणाले, आणि खिशातून वही काढली.